क्ष-किरण फिल्म आणि जुन्या छायाचित्रांची साक्ष : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

छायाचित्र हे इतिहासाचे एक साधन आहे, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. तथापि कागदपत्रे, शिलालेख व नाणी यांच्या परीक्षणाची जी शिस्त महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून रुजली, ती छायाचित्रांच्या वाट्याला फारशी आलेली नाही. मिरजेस राहून पटवर्धन दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या द्वारे प्रसिद्ध करणारे वासुदेवशास्त्री खरे आणि साताऱ्यास 'इतिहाससंग्रह' चालविणारे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या पिढीने पत्र अस्सल की नक्कल, अक्षर कोणाचे, मिती जुळते किंवा नाही, हे प्रश्न विचारल्याखेरीज पत्राची साक्ष घ्यावयाची नाही असा दंडक पाडला. छायाचित्रासंबंधी मात्र ते कोणाचे व केव्हाचे, एवढे दोनच प्रश्न विचारून अभ्यासक थांबतात. ते कोणत्या द्रव्यावर उमटले, आणि त्या द्रव्याला कोणते रंग दिसत होते व कोणते दिसत नव्हते, हा तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एक अनपेक्षित साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे रुग्णालयात वापरली जाणारी क्ष-किरण फिल्म. मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यात नेहमीच्या कृष्णधवल फिल्मऐवजी ही फिल्म घालून छायाचित्रे घेण्याची रीत युरोप-अमेरिकेतील छायाचित्रकारांत गेली काही दशके प्रचलित आहे. तिचे कारण मुख्यतः आर्थिक आहे. मोठ्या आकाराची छायाचित्रणाची फिल्म महाग व दुर्मिळ होत गेली आणि क्ष-किरण फिल्म त्या मानाने स्वस्त राहिली. इतिहासाच्या अभ्यासकाला या स्वस्ताईपेक्षा एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटावयास हवी. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या प्लेटांना जग जसे दिसत असे, पुष्कळ अंशी तसेच ते या फिल्मला दिसते. जुन्या छायाचित्राची साक्ष तपासून पाहण्याचे ते एक हयात साधन आहे, असे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

सातारा-सांगली परिसर याचा अर्थ येथे जुना सातारा जिल्हा आणि त्याला लागून असलेली औंध, फलटण, सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थाने असा घेतला आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये या प्रदेशाचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले.

२. काचेच्या प्लेटपासून क्ष-किरण फिल्मपर्यंत

विल्हेल्म रंटगेन याला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्‌सबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे जे सुप्रसिद्ध चित्र घेतले, ते छायाचित्रकारांच्या नेहमीच्या काचेच्या प्लेटवरच घेतले होते. क्ष-किरणांसाठी वेगळे द्रव्य त्या वेळी अस्तित्वात नव्हते, आणि त्याची गरजही भासली नाही. जिलेटिनमध्ये कालवलेला सिल्व्हर ब्रोमाइडचा लेप प्रकाशाने जसा बदलतो, तसाच तो या अदृश्य किरणांनीही बदलतो. अर्थात वैद्यकातील क्ष-किरणचित्र ही छायाचित्रणाच्याच घराण्यातून फुटलेली एक शाखा होय.

ही शाखा पुढे स्वतंत्रपणे वाढली. क्ष-किरणांचा फार थोडा भाग लेपात शोषला जातो; बाकीचा आरपार निघून जातो. त्यामुळे रुग्णाला दीर्घकाळ किरणांपुढे ठेवावे लागे. यावर १८९६ मध्येच एक तोड निघाली. क्ष-किरण पडताच जो स्वतः प्रकाशतो असा कॅल्शियम टंगस्टेटचा पडदा प्लेटला चिकटवून ठेवला असता किरणांचे काम पुष्कळसे तो प्रकाशच करतो. हा प्रकाश निळसर असतो. पहिल्या महायुद्धात बेल्जममधून येणाऱ्या काचेचा तुटवडा झाला, तेव्हा काचेची जागा लवचीक फिल्मने घेण्यास चालना मिळाली. १९१८ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने दोन्ही बाजूंना लेप असलेली फिल्म बाजारात आणली. अशी फिल्म दोन पडद्यांच्या मध्ये कॅसेटमध्ये ठेवली की प्रत्येक बाजूचा लेप आपापल्या पडद्याचा प्रकाश टिपतो आणि दोन्ही प्रतिमा एकावर एक बसून चित्र ठळक होते.

प्रारंभीची फिल्म नायट्रेटची, म्हणजे अतिशय ज्वालाग्राही होती. १९२४ च्या सुमारास न पेटणाऱ्या ॲसिटेटची फिल्म निघाली होती. तरीही जुन्या फिल्मचे साठे रुग्णालयांतून तसेच पडून राहिले. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये अशाच एका साठ्याने पेट घेतला आणि त्याच्या विषारी धुराने शंभराहून अधिक माणसे दगावली. यानंतर नायट्रेटचा त्याग झपाट्याने झाला. १९६० नंतर पॉलिएस्टरचा आधार आला. १९७० च्या दशकात विरल मृत्तिका धातूंच्या संयुगांचे नवे पडदे आले. त्यांतील बहुतेकांचा प्रकाश हिरवा असल्याने हिरवा रंग टिपणारी फिल्म तयार करावी लागली.

या इतिहासातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पडद्यासह घेतलेल्या क्ष-किरणचित्रात फिल्मवर जी प्रतिमा उमटते, तिचा बहुतांश भाग पडद्याच्या निळ्या अथवा हिरव्या प्रकाशाने घडविलेला असतो. प्रत्यक्ष क्ष-किरणांचा वाटा त्यात अत्यल्प असतो. म्हणजे नाव काहीही असले तरी ही फिल्म वस्तुतः प्रकाशच टिपते. म्हणूनच ती कॅमेऱ्यात चालते. आणि तिला निळा किंवा फार तर निळा व हिरवा एवढाच प्रकाश दिसावा, तांबडा मुळीच दिसू नये, अशी योजना असल्याने ती नकळत आपल्या पूर्वजाच्या, म्हणजे काचेच्या जुन्या प्लेटच्या, गुणधर्मांजवळ राहिली. छायाचित्रणाची फिल्म मात्र त्या गुणधर्मांपासून दूर गेली. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल याने लेपात रंगद्रव्य मिसळून त्याला हिरवा रंग दाखविला. १९०६ मध्ये सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटा विक्रीस आल्या. १९२० नंतर त्या हळूहळू सर्वत्र पसरल्या. घराण्याची मुख्य शाखा बदलली आणि बाजूच्या शाखेत जुना वारसा शिल्लक राहिला, असा हा प्रकार आहे.

३. मिरज आणि क्ष-किरण फिल्मचा पुरवठा

या बाजूच्या शाखेचा सातारा-सांगली परिसराशी संबंध मिरजेमुळे येतो. विल्यम जेम्स वॉन्लेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांनी प्रथम सांगलीस दवाखाना चालविला आणि पुढे मिरज संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर १८९४ मध्ये मिरजेचे मिशन हॉस्पिटल सुरू केले. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांतून रुग्ण मिरजेस येऊ लागले ते तेव्हापासून. सांगली-मिरजेच्या दरम्यान वॉन्लेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिरजेस निघाले.

क्षयाच्या निदानात छातीच्या क्ष-किरणचित्राला जे स्थान आले, त्यामुळे अशा गावी मोठ्या आकाराची फिल्म ही नित्याच्या वापराची वस्तू झाली. क्षयरोगाच्या शोधमोहिमेत तर कॅमेरा व क्ष-किरण पुन्हा प्रत्यक्ष एकत्र आले. ब्राझीलच्या मानुएल दे आब्रेऊ याने १९३६ मध्ये प्रकाशणाऱ्या पडद्यावरील छातीच्या प्रतिमेचे कॅमेऱ्याने लहान छायाचित्र घेण्याची पद्धत बसविली. भारतात १९५५ ते १९५८ या काळात क्षयरोगाची जी राष्ट्रीय नमुना पाहणी झाली, तिच्यातही याच तत्त्वाचा अवलंब केला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी फिल्मच्या आयातीवर निर्बंध होते. या परिस्थितीत १९६० मध्ये उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९६७ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. 'इंदू' या नावाने त्याने छायाचित्रणाची, सिनेमाची व क्ष-किरणांची अशी सर्व प्रकारची फिल्म पुरविली. एकाच कारखान्यात, एकाच चांदीपासून, शेजारी शेजारी तयार होणाऱ्या या वस्तू होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे नाते अधिक स्पष्ट होते. पुढे अंकीय तंत्राने दोन्ही क्षेत्रे व्यापली आणि तो कारखाना बंद पडला.

४. मोठ्या कॅमेऱ्यातील क्ष-किरण फिल्म

जुन्या छायाचित्रकाराचा लाकडी कॅमेरा, त्याचा भाता, तिकाटणे व डोक्यावरून घ्यावयाचे काळे कापड या गोष्टी सुपरिचित आहेत. या कॅमेऱ्यात प्लेटच्या आकाराएवढेच चित्र उमटे. मोठे चित्र हवे तर मोठी प्लेट घ्यावी लागे. साडेसहा बाय साडेआठ इंचांची फुल प्लेट, त्याच्या निम्म्या सुमाराची हाफ प्लेट, आठ बाय दहा आणि दहा बाय बारा इंच हे त्यांतील नित्याचे आकार. क्ष-किरण फिल्मचे आकारही यांतूनच आलेले असल्याने तिच्यातील कित्येक आकार जुन्या प्लेट-होल्डरमध्ये थोड्याशा फेरफाराने बसतात, आणि न बसल्यास फिल्म कापून घेता येते. ही कापाकापी पूर्ण अंधारात करण्याचे कारण नाही. फिल्मला तांबडा प्रकाश दिसत नसल्याने मंद तांबड्या दिव्याखाली हे सर्व काम नजरेसमोर करता येते. प्रतिमा उमटत असतानाही ती पाहता येते, ही जुन्या अंधारखोलीची सोय येथे परत मिळते.

मात्र कॅसेटमधील पडद्यांसाठी बनविलेली फिल्म भिंगापुढे आणली असता तिच्या काही खोडी दिसू लागतात. त्या जाणल्याखेरीज तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

पहिली खोड दुहेरी लेपाची. भिंगातून आलेला प्रकाश पुढच्या लेपातून आधारात व तेथून मागच्या लेपात जातो. या प्रवासात तो किंचित पसरतो आणि मागची प्रतिमा पुढच्या प्रतिमेइतकी रेखीव राहत नाही. निगेटिव्हचा आठ बाय दहा इंचांचा ठसा थेट कागदावर घेतला तर हा दोष डोळ्यांस जाणवत नाही. चित्र मोठे केल्यास जाणवतो. काही छायाचित्रकार धुतलेल्या फिल्मचा मागचा लेप विरंजक द्रवाने काढून टाकतात. एकाच बाजूला लेप असलेली स्तनतपासणीची फिल्म वापरणे हा दुसरा उपाय होय.

दुसरी खोड प्रभावलयाची. छायाचित्रणाच्या फिल्मच्या पाठीवर उरलेला प्रकाश गिळणारा थर असतो. क्ष-किरण फिल्मला बहुधा तो नसतो. त्यामुळे उजळ खिडकी किंवा पांढऱ्या भिंतीची कड यांभोवती धूसर प्रभा पसरते. जुन्या काचेच्या प्लेटांतही हाच दोष वारंवार दिसतो. वाड्याच्या अंधाऱ्या ओसरीतून अंगणाकडे पाहून घेतलेल्या चित्रात दाराची चौकट उजेडात विरघळल्यासारखी दिसते, त्याचे कारण हेच आहे.

तिसरी खोड तीव्र विरोधाची. हाडे व मांस यांतील अल्प फरक ठळक दिसावा यासाठी ही फिल्म घडविलेली असते. भर उन्हातील देखावा तिच्यावर केवळ पांढरा व काळा एवढाच उमटण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणून डेव्हलपर पुष्कळ पातळ करून वापरतात. चौथी खोड नाजूकपणाची. ओला लेप मऊ असतो आणि दोन्ही बाजूंना असल्याने तबकाच्या तळाशी घासून त्यावर ओरखडे उठतात. तबकात गुळगुळीत काच घालून आणि एका वेळी एकच फिल्म हाताळून हे टाळता येते.

५. रंगांचे अज्ञान व त्यातून उद्भवणारे भ्रम

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. केवळ निळा प्रकाश दिसणाऱ्या द्रव्यावर निळी वस्तू उजळ आणि तांबडी, नारिंगी व पिवळी वस्तू गडद उमटते. हिरवाही दिसत असल्यास पाने थोडी उजळतात. तांबडा मात्र काळाच राहतो. हा नियम साधा आहे. परंतु महाराष्ट्रातील सामाजिक जीवनात रंगांना जो अर्थ आहे, तो पाहता त्याचे परिणाम साधे नाहीत.

पहिले उदाहरण स्त्रियांच्या छायाचित्रांचे. केशवपन केलेल्या विधवेने तांबडे आलवण नेसावे अशी रूढी ब्राह्मण व तत्सम जातींत विसाव्या शतकापर्यंत होती. जुन्या प्लेटवर हे तांबडे आलवण जवळजवळ काळे उमटते. उलट सुवासिनीने हौसेने नेसावयाची चंद्रकळा मुळातच काळी. तीही प्लेटवर काळीच. म्हणजे ज्या दोन वस्त्रांचा सामाजिक अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध, ती छायाचित्रात एकरूप होतात. कुंकवाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जुन्या प्लेटवर कुंकू काळे व ठसठशीत दिसते. पुढील काळातील सर्व रंग टिपणाऱ्या फिल्मवर तेच कुंकू फिके पडते, आणि विजेच्या पिवळसर दिव्यात किंवा नारिंगी गाळणीतून चित्र घेतले असल्यास त्वचेच्या छटेत मिसळूनही जाते. अशा चित्रावरून एखाद्या स्त्रीला विधवा ठरविणे, किंवा एखाद्या घराण्यात कुंकवाची चाल सुटली असे अनुमान करणे, हे द्रव्याच्या दोषाला समाजाचा इतिहास समजण्यासारखे होईल. अशा प्रसंगी हातांतील बांगड्या, मंगळसूत्र, पदराची ठेवण, शेजारी बसलेल्या व्यक्ती या रंगनिरपेक्ष खुणांचाच आधार घेतला पाहिजे.

दुसरे उदाहरण त्वचेच्या वर्णाचे. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचा संग्रह १८६० च्या दशकात प्रसिद्ध केला, आणि 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे सरकारी प्रकाशन १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या प्लेटांना निळ्या-जांभळ्यापलीकडचा प्रकाश दिसत नसे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबडा व पिवळा यांचेच आधिक्य असल्याने अशी त्वचा त्या प्लेटवर प्रत्यक्षाहून अधिक काळी उमटली. या चित्रांवरून वर्णाविषयी जी विधाने केली गेली, त्यांच्या पायाशी द्रव्याचा हा पक्षपात होता. वंशशास्त्राच्या नावाखाली काढलेल्या निष्कर्षांची चिकित्सा करताना ही बाब दृष्टीआड होता कामा नये.

तिसरे उदाहरण महाबळेश्वरचे. पारसनीस यांनी १९१६ मध्ये महाबळेश्वरवर इंग्रजीत सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश अमदानीत तेथील कड्यांची व दऱ्यांची छायाचित्रे पुष्कळ घेतली गेली. निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असलेल्या प्लेटवर आकाश कोरे पांढरे होते, दूरच्या डोंगरांवरील निळसर झाक दाट धुक्याप्रमाणे उमटते आणि जवळची झाडी एकजीव काळी दिसते. आर्थर सीटसारख्या ठिकाणाहून घेतलेल्या अशा चित्रात दूरची रांग दिसत नसेल तर त्या दिवशी हवा धुकट होती असे म्हणता येत नाही. जवळची राई काळीभोर दिसते म्हणून ती आजच्यापेक्षा घनदाट होती असेही सिद्ध होत नाही. वनांच्या इतिहासासाठी छायाचित्रांची तुलना करणाऱ्याने दोन्ही चित्रे एकाच जातीच्या द्रव्यावर आहेत काय, हे आधी पाहिले पाहिजे.

चौथे उदाहरण निशाणांचे. भगवा झेंडा जुन्या प्लेटवर गडद उमटतो. तिरंग्याची स्थिती अधिक घोटाळ्याची आहे. १९३१ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय सभेच्या ध्वजात वर केशरी, मध्ये पांढरा व खाली हिरवा पट्टा आणि पांढऱ्यावर निळा चरखा होता. केवळ निळा दिसणाऱ्या द्रव्यावर केशरी व हिरवा हे दोन्ही पट्टे गडद होतात आणि निळा चरखा पुसट होतो. हिरवाही दिसणाऱ्या फिल्मवर खालचा पट्टा वरच्यापेक्षा उजळ होतो. सर्व रंग टिपणाऱ्या फिल्मवर याच्या उलट, बहुधा वरचा पट्टा उजळ होतो. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर तिरंगा घेऊन मोर्चे गेले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबारात माणसे बळी पडली. आणि त्यानंतर या भागात प्रतिसरकारचे पर्व सुरू झाले. त्या काळातील ध्वजाचे एखादे छायाचित्र हाती आल्यास, पट्ट्यांच्या छटांवरून ध्वज उलटा होता किंवा त्यावर चरखा नव्हता असे म्हणण्यापूर्वी फिल्मची जात निश्चित करणे अगत्याचे आहे. ज्या घटनेसाठी माणसांनी प्राण दिले, तिच्यासंबंधी असा निष्काळजी निष्कर्ष नोंदला जाणे हे अभ्यासाला शोभणारे नाही.

रंगांचे हे अज्ञान सर्वस्वी तोट्याचेच आहे, असे मात्र नाही. तपकिरी पडलेली शाई निळा प्रकाश शोषून घेते. म्हणून अशा शाईतील अंधुक अक्षरे या द्रव्यावर गडद उमटतात. मात्र कागद पिवळा पडला असल्यास तोही काळवंडतो, आणि मोडी कागदावरील हळदीकुंकवाचे डाग शाईच्या डागांप्रमाणे दिसू लागतात. मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यातील भित्तिचित्रांप्रमाणे जेथे तांबड्या रंगाचा वापर आहे, तेथे या द्रव्यावर घेतलेले चित्र रेषा ठळक दाखवील. परंतु तांबड्या रंगाचे सर्व क्षेत्र काळे करील.

६. परीक्षणाची पद्धती

आतापर्यंतच्या विवेचनावरून क्ष-किरण फिल्मचा उपयोग कसा करावा, हे स्पष्ट होईल. एखाद्या जुन्या छायाचित्रातील गडद वस्त्र आलवण असावे की चंद्रकळा, असा प्रश्न असल्यास दोन्ही प्रकारच्या वस्त्रांचे नमुने, कुंकू, हळद व एक राखी पट्टी अशी मांडणी करून तिचे चित्र मोठ्या कॅमेऱ्याने निळी फिल्म, हिरवी फिल्म आणि सर्व रंग टिपणारी फिल्म अशा तिहींवर घ्यावे. उजेड दिवसाचाच असावा. कारण जुने छायाचित्रकार बहुतांशी उत्तरेकडील झरोक्यातून येणाऱ्या उजेडावर अवलंबून असत, आणि विजेच्या दिव्याच्या तांबूस प्रकाशात निळ्या फिल्मचा वेग व छटा दोन्ही बदलतात. या तीन चित्रांशी जुन्या चित्राची तुलना केली असता कोणते अनुमान शक्य व कोणते अशक्य, हे पुष्कळ अंशी ठरविता येते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तुलना फक्त रंगांच्या छटांची करावयाची आहे. रेखीवपणा, विरोध व प्रभावलय यांबाबत दुहेरी लेपाची फिल्म आणि एकेरी लेपाची काच यांत साम्य गृहीत धरता येत नाही. ओल्या कोलोडियनची दृष्टी निळ्या क्ष-किरण फिल्महूनही काहीशी संकुचित होती. शिवाय स्टुडिओतील कलावंत निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि छापील चित्रावर कुंचल्याने हात फिरवीत. कुंकू व दागिने रंगवून काढण्याची चालही होती. ज्या चित्रावर असा हात फिरला आहे, त्यास ही कसोटी लागू पडत नाही. म्हणून मूळ निगेटिव्ह उपलब्ध असेल तर छापील प्रतीपेक्षा तिलाच प्रमाण मानावे.

७. चांदी व निगेटिव्हचा नाश

मूळ निगेटिव्ह उपलब्ध असणे हीच मोठी अडचण आहे, आणि तिचे कारणही त्या द्रव्यातच सापडते. प्लेट असो वा फिल्म, प्रतिमा चांदीची असते. छायाचित्रणाच्या दुकानातील जुन्या प्लेटांचा लेप खरवडून काच पुन्हा वापरणे हा व्यवहार जगभर झाला. क्ष-किरण फिल्ममध्ये दोन्ही बाजूंना लेप असल्याने तिच्यात चांदी दर चौरस मीटरास काही ग्रॅम इतकी असते, आणि रुग्णालयांतील जुन्या फिल्मा रद्दी म्हणून विकत घेऊन त्यांतून चांदी काढण्याचा व्यवसाय देशात चालत आला आहे.

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर व आटपाडी आणि साताऱ्यातील खटाव-माण या अवर्षणग्रस्त भागांतील कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशातील लहानमोठ्या शहरांत पसरलेली आहेत. चांदी पुन्हा चांदीच्या रूपात आणणे हे या व्यवसायाचे कौशल्य होय. चांदी गाळणारास दोष देण्याचे कारण नाही. ज्या वस्तूस तिच्या मालकाने टाकाऊ ठरविले, तिचे मोल त्याने जाणले एवढेच. उणीव आहे ती ठेवणाऱ्यांची. वाड्याच्या माळ्यावरील प्लेटांची पेटी, बंद पडलेल्या स्टुडिओतील निगेटिव्हचे खोके, आरोग्यधामातील जुन्या छातीच्या चित्रांचे गठ्ठे यांना ऐतिहासिक साधनाची प्रतिष्ठा मिळालेली नसल्याने ती चांदीच्या वजनाने जातात. कागदाच्या दप्तरांविषयी एके काळी हीच अनास्था होती. खरे व पारसनीस यांच्या पिढीने ती मोडून काढली.

८. निष्कर्ष

क्ष-किरण फिल्म ही छायाचित्रणाच्या जुन्या द्रव्याची वंशज असून निळ्या-हिरव्या प्रकाशापुरती मर्यादित दृष्टी तिने टिकवून धरली आहे. या दृष्टीमुळे जुन्या छायाचित्रांतील कुंकू, आलवण, भगवा, तिरंगा, त्वचेचा वर्ण व वनश्री यांच्या छटा प्रत्यक्षाहून भिन्न झाल्या आहेत, आणि त्यांवरून थेट अनुमान काढणे धोक्याचे आहे. क्ष-किरण फिल्मवर नमुन्यांची चित्रे घेऊन अशी अनुमाने तपासता येतात. मात्र ही तपासणी छटांपुरतीच ग्राह्य मानावी. संग्रहालयांनी व विद्यापीठीय विभागांनी छायाचित्रांच्या नोंदवहीत व्यक्ती, स्थळ व काळ यांबरोबर मूळ निगेटिव्ह आहे किंवा नाही, ती काचेची की फिल्मची, आणि तिला कोणते रंग दिसत होते, हे तीन रकाने घालावेत.

क्ष-किरण फिल्मचे उत्पादन आता घटत चालले आहे. रुग्णालयांतून ती जवळजवळ नाहीशी होत आहे. तिच्याबरोबर जुन्या प्लेटची दृष्टी प्रयोगाने अनुभवण्याचे एक सहज मिळणारे साधनही जाईल. म्हणून वर सांगितलेले नमुने घेऊन त्यांचे संच विभागांच्या संग्रही ठेवण्याचे काम ही फिल्म बाजारात मिळते आहे तोवरच हाती घेतले पाहिजे.